माफी मागितली, पण चलन कुठंय? पुढाऱ्यांच्या सरकारी प्रवासखर्चाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चार फेऱ्या झाल्या की आमचा सात-आठ जणांचा कट्टा बसतो. मी एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत 31 वर्षं काढली, त्यातली बरीचशी प्रवास देयकं तपासण्यात. त्यामुळे पेपरात कुणाच्या दौऱ्याची, हॉटेलच्या बिलाची बातमी आली की सगळे माझ्याकडे वळतात. "काकू, हे कसं चालतं हो?" तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आले म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. नगरसेवक नव्यानं निवडून आलेत, सिंहस्थ तोंडावर आहे, दौरे निघणारच आहेत.

ते ऑस्ट्रेलियातलं हेलिकॉप्टरचं प्रकरण तुम्ही नेहमी सांगता. नेमकं काय झालं होतं?

ब्रॉनविन बिशप या तिथल्या कनिष्ठ सभागृहाच्या सभापती होत्या, म्हणजे आपल्याकडच्या लोकसभा अध्यक्षांसारखं पद. नोव्हेंबर 2014 मध्ये त्यांनी मेलबर्नहून जिलाँगजवळच्या एका गोल्फ क्लबवर जायला हेलिकॉप्टर भाड्यानं घेतलं. कार्यक्रम कसला, तर त्यांच्याच लिबरल पक्षासाठी निधी गोळा करण्याचा. अंतर 75-80 किलोमीटर. आपलं शिर्डी याहून थोडं लांबच पडेल. गाडीनं गेल्या असत्या तर तास-सव्वा तास लागला असता. हेलिकॉप्टरचं बिल झालं 5,227 ऑस्ट्रेलियन डॉलर, तेव्हाच्या दरानं पावणेतीन लाख रुपयांच्या आसपास. भरलं सरकारी तिजोरीनं.

बिल पास झालं, फाइल बंद झाली, आठ महिने कुणाला पत्ता नाही. जुलै 2015 मध्ये बातमी फुटली आणि बाईंचं नाव हेलिकॉप्टरला चिकटलं ते चिकटलंच. सुरुवातीला त्यांनी निर्णय चुकल्याचं तेवढं मान्य केलं, माफी मागायला तयार होईनात. पैसे परत करणं हीच सगळ्यात मोठी माफी, असं त्यांनी पत्रकारांना सांगून टाकलं. मूळ रक्कम भरली, वर 25 टक्के दंड भरला. लोक काही शांत होईनात. मग 30 जुलैला रेडिओवर त्यांनी माफी मागितली आणि सहकाऱ्यांच्या लग्नांना सरकारी खर्चानं गेले होते, तेही पैसे परत करते, असं सांगितलं. 2 ऑगस्टला सभापतिपद गेलं. पुढच्या वर्षी पक्षानं उमेदवारीही दिली नाही.

मला यात सगळ्यात गंमत वाटते ती लग्नांची. हेलिकॉप्टर निघालं नसतं, तर लग्नांचा हिशेब कुणी मागितला असता?

पैसे दंडासकट भरले, मग आणखी माफी कशाला हवी? विषय संपला ना?

कट्ट्यावर यावर दोन तट आहेत. आमच्यातले एक निवृत्त बँक मॅनेजर म्हणतात, कर्ज फिटलं की नाव कोरं. मला ते पटत नाही. कर्ज आधी मागून घेतात, बँक कागद बघून देते. इथं न विचारता घेतलं आणि सापडल्यावर परत ठेवलं. बिशपबाईंनी पैसे भरले तेव्हाही लोक भडकलेले होते, कारण भरताना चेहरा असा होता की जणू आपणच देशावर उपकार करतोय. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं आणि ते उचलून घेतल्याबद्दल शाबासकीही मागायची.

उलटंही तितकंच खरं. नुसती माफी आणि पैशाचा पत्ता नाही, हा तर आपल्याकडचा रोजचा प्रकार. म्हणून कुणी माफी मागितल्याची बातमी वाचली की माझा पहिला प्रश्न ठरलेला: चलन, म्हणजे पैसे सरकारजमा केल्याची पावती, कुठंय? रक्कम किती, कोणत्या तारखेला भरली, कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कोणत्या सदरात, जमा झाली?

खेद, दिलगिरी, माफी. एकच ना सगळं?

छे! इथं तर सगळी मेख आहे.

खेद कुणालाही कशाचाही होतो. पाऊस पडून सभा रद्द झाली तरी आयोजकांना खेद होतो, पाऊस काही त्यांनी पाडलेला नसतो. दिलगिरी त्याच्या एक पायरी वर. नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेसची वाट बघत उभे असताना भोंग्यातून ऐकू येतं ना, "प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत", ते. बोलणाऱ्या बाईचा आवाज मध्यरात्री तितकाच गोड आणि दुपारीही तितकाच. कोण दिलगीर आहे, ते शेवटपर्यंत कळत नाही.

माफीचं तसं नाही. दिलगिरी व्यक्त करतात, माफी मागतात. मागायची म्हटली की समोर देणारा लागतो आणि तो "नाही देत जा" असंही म्हणू शकतो. म्हणूनच पुढारी दिलगिरीवर थांबतात.

दुसरं बघायचं ते क्रियापद. "चूक झाली" या वाक्यात माणूसच नाही, चूक आपली आपण झाली. "माझ्याकडून चूक झाली" यात माणूस आला, पण चूक त्याच्या हातून निसटून पडल्यासारखी. "मी चूक केली" असं पत्रकार परिषदेत बोलणारा माणूस विरळा. बिल काही आपलं आपण होत नाही. कुणीतरी फॉर्म भरतो, तिकीट जोडतो, खाली सही करतो.

आणि "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" हे वाक्य पैशाच्या प्रकरणात आलं की मी पेपर बाजूला ठेवते. तिजोरीला भावना नसतात, शिल्लक असते.

मला चालेल अशी माफी साधारण अशी: "अमुक तारखेला मी मुलाच्या लग्नाच्या कामासाठी सरकारी गाडी नेली. लॉगबुकात शासकीय दौरा असं लिहायला मी सांगितलं. 4,160 रुपये काल भरले, चलन सोबत जोडलं आहे. ड्रायव्हरचा यात दोष नाही." चार वाक्यं झाली. शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलंय, कारण अशा प्रकरणात पहिला निलंबित होतो तो ड्रायव्हर.

तिकडे पैसे परत केले की गुन्हा माफ होतो का?

याची एक कडवट गोष्ट आहे. बिशपबाईंच्या आधी त्याच खुर्चीवर पीटर स्लिपर नावाचे गृहस्थ बसले होते. 2010 मध्ये त्यांनी सरकारी टॅक्सी व्हाउचर वापरून कॅनबेराच्या आसपासच्या वायनरींच्या 3 फेऱ्या केल्या. आपले लोक शनिवारी गंगापूर धरणाकडे वायनरी बघायला जातात, तसंच समजा. एकूण खर्च 954 डॉलर. त्यांच्यावर फौजदारी खटला चालला आणि 2014 मध्ये ते दोषी ठरले. 2015 मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकाल रद्द केला.

तिथं एक पद्धत होती, मिन्चिन प्रोटोकॉल म्हणतात तिला. खासदाराच्या खर्चात गडबड दिसली की आधी त्याला पैसे परत करायची संधी द्यायची. बऱ्याच जणांचं त्यावर भागलं, स्लिपरना ती वाट मिळाली नाही. 954 वाल्याला पिंजऱ्यात उभं केलं, 5,227 वालीला चेक लिहून सुटता आलं, असं तिथले लोक तेव्हा उघड बोलत होते.

2017 मध्ये आणखी एक मंत्री, सुझन ली, गोल्ड कोस्टच्या दौऱ्यांवरून पायउतार झाल्या. एका दौऱ्यात त्यांनी तिथं फ्लॅट घेतला होता. त्यानंतर खासदारांचे खर्च तपासायला स्वतंत्र प्राधिकरण आलं.

एवढ्याशा रकमेवरून मंत्री घरी जातात, हे अति नाही का?

कॅनडाच्या मंत्री बेव्ह ओडा 2011 मध्ये लंडनला परिषदेला गेल्या. ठरलेलं हॉटेल नको म्हणून महागड्या सॅव्हॉयमध्ये राहिल्या आणि तिथं 16 डॉलरचा संत्र्याचा रस प्यायल्या. 2012 मध्ये ते बाहेर आलं. संसदेत माफी मागितली, पैसे भरले, तरी काही महिन्यांत मंत्रिपद सोडलं. हॉटेलचं बिल कितीतरी मोठं होतं, पण लोकांच्या डोक्यात राहिला तो रस. स्वीडनच्या मंत्री मोना सालिन यांनी सरकारी कार्डावर खासगी खरेदी केल्याचं 1995 मध्ये बाहेर आलं, त्यात दोन टोब्लेरोन चॉकलेटं होती. पंतप्रधानपदाच्या शर्यतीतून त्यांना माघार घ्यावी लागली. पुढे त्या परत मंत्री झाल्या, पक्षाध्यक्षही झाल्या, पण प्रकरणाला आजही टोब्लेरोनचंच नाव आहे.

लहान रक्कम लोकांना कळते. 300 कोटींचा घोटाळा म्हटलं की आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी "हो का" म्हणतात आणि भांडी घासायला लागतात. सरकारी पैशानं हजार रुपयांचा ज्यूस म्हटलं की हातातलं पातेलं खाली ठेवतात.

ब्रिटनमध्ये तर सगळी संसदच सापडली होती ना?

मे 2009. डेली टेलिग्राफनं खासदारांची खर्चाची कागदपत्रंच रोज छापायला सुरुवात केली. कुणी वाड्याभोवतीचा खंदक साफ करायचा खर्च लावला होता, कुणी तळ्यातल्या बदकांच्या घराचे 1,645 पौंड. (बदकांचं बिल नामंजूर झालं होतं, पण बदनामी मंजूर झाली.) सभापती मायकल मार्टिन यांना पद सोडावं लागलं, काही खासदार खोट्या दाव्यांसाठी तुरुंगात गेले आणि खर्च मंजूर करायचं काम खासदारांच्या हातून काढून स्वतंत्र संस्थेकडे दिलं गेलं. याच्या आधी काही वर्षं पत्रकार माहितीच्या कायद्याखाली हेच कागद मागत होते आणि संसद देत नव्हती, हे मात्र लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आपल्या खासदारांना प्रवासाला किती मिळतं?

1954 च्या कायद्याप्रमाणे वर्षाला 34 एकेरी विमान प्रवास, त्यात जोडीदार किंवा सोबतीही चालतात. रेल्वेचा वातानुकूलित पहिल्या वर्गाचा पास. वेतन महिन्याला 1 लाख 24 हजार, अधिवेशनातल्या हजेरीचा दैनिक भत्ता 2,500 रुपये. आमदारांचे नियम राज्याचे वेगळे. एसटीत लोकप्रतिनिधींसाठी राखीव सीट असते, तुम्ही पाहिली असेल. त्यावर आमदार बसलेला कधी पाहिलाय का, हे विचारणार नाही.

सवलतच एवढी आहे, तर गैरवापर होतो कुठे?

न केलेल्या प्रवासात. ऑस्ट्रेलियातल्या बाई निदान हेलिकॉप्टरमध्ये बसल्या तरी होत्या.

राज्यसभेचे तेव्हाचे सदस्य अनिलकुमार सहनी यांच्यावर बनावट ई-तिकिटं आणि बोर्डिंग पास जोडून प्रवास न करताच 23 लाख 71 हजार रुपयांचा दावा केल्याचा खटला सीबीआयनं भरला. 2022 मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं त्यांना दोषी ठरवून 3 वर्षांची शिक्षा दिली. तोवर ते बिहारमध्ये आमदार झाले होते, ती आमदारकी गेली. 2 वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे सदस्यत्व जातं, आणि 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते लगेच जातं.

बाकी रोजचे प्रकार टेबलावर बसणाऱ्याला पाठ असतात. चौघं एका गाडीतून जातात आणि चार बिलं येतात. यजमानांकडे राहणं-जेवण फुकट होतं आणि दैनिक भत्ता पूर्ण लावला जातो. दौरा दोन दिवसांचा, मुक्काम चार दिवसांचा. हॉटेलच्या पावतीवर वेगवेगळ्या तारखा आणि अक्षर एकच, शाईही एकच. अशी पावती हातात आली की मी ती उन्हाकडे धरायची. त्यानं काही कळत नाही, पण आणून देणारा घाबरतो.

मंत्री सरकारी दौऱ्यावर आले आणि जाता जाता पक्षाच्या मेळाव्याला गेले, तर?

याच फटीतून सगळं आत शिरतं. सकाळी शासकीय विश्रामगृहावर आढावा बैठक, अर्धा तास. मग दिवसभर पक्षाचे कार्यक्रम. कागदावर दौरा शासकीय. निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना मात्र शासकीय दौऱ्याला प्रचाराची जोड देता येत नाही, सरकारी गाडी प्रचाराला वापरता येत नाही. एरवी सगळं सद्सद्विवेकावर, म्हणजे रामभरोसे.

सरकारी यंत्रणा आणि पक्ष यांची सरमिसळ किती महाग पडू शकते, त्याचा आपला दाखला 12 जून 1975 चा आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयानं इंदिरा गांधींची रायबरेलीची निवड रद्द केली, तेव्हा एक कारण असंही होतं की प्रचारसभांची व्यासपीठं आणि ध्वनिक्षेपकांची वीज सरकारी अधिकाऱ्यांनी पुरवली होती. पुढे कायदा बदलला, सर्वोच्च न्यायालयात निकाल फिरला. आणीबाणीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, व्यासपीठाच्या लाकडाची कुणाला आठवत नाही.

आता नगरसेवकांचे अभ्यासदौरे सुरू होतील. ते सगळे फुकटे का?

नाही हो. मार्च 2022 पासून जवळपास 4 वर्षं महापालिकेत प्रशासक होते, जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली. त्यात बरेच चेहरे नवे. त्यांनी दुसऱ्या शहराचा कचरा प्रकल्प जाऊन बघितला तर चांगलंच. 2025 च्या कुंभाच्या वेळी आपले अधिकारी प्रयागराजला जाऊन आले, ते न जाते तर आपणच ओरडलो असतो. रामकुंडावर गर्दी कशी वळवायची, हे इथं खुर्चीत बसून कळत नाही.

मी तीनच गोष्टी बघते. दौऱ्याचं ठिकाण आणि नाशिकचा प्रश्न यांचा मेळ बसतो का. घरची मंडळी सोबत आहेत का, आणि असतील तर त्यांचं तिकीट कुणी काढलं. परत आल्यावर अहवाल आला का. अहवालाची दोन पानं उघडली की कळतं. एका अहवालात मी "सदर शहर अत्यंत निसर्गरम्य आहे" हे वाक्य तीनदा वाचलंय.

मला स्वतः कागद बघायचे असतील तर कुठे जाऊ?

नगरसेवकांचा खर्च असेल तर महापालिकेचे जन माहिती अधिकारी, राजीव गांधी भवन. आमदारांचा असेल तर मुंबईला विधानमंडळ सचिवालय, खासदारांचा असेल तर दिल्लीला लोकसभा किंवा राज्यसभा सचिवालय. राज्यातल्या अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. आपल्या राज्याचा नियम असा की एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द. प्रस्तावना लिहू नका, देशाची दुर्दशा लिहू नका, शब्द तिथंच संपतात. सरळ मागा: दौऱ्याचा मंजूर कार्यक्रम, मंजुरीचा ठराव किंवा आदेश, प्रवास देयक आणि त्याला जोडलेली तिकिटं, गाडीच्या लॉगबुकची त्या तारखांची पानं, दौऱ्यानंतरचा अहवाल, आणि रक्कम परत भरली असल्यास चलनाची प्रत.

शेवटचा मुद्दा कधीच सोडू नका. "परत भरली नाही" हेही उत्तरच आहे, आणि ते सहीनिशी मिळतं.

30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प. तिथंही नाही झालं तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं अपील. वेळ लागतो. चांगलाच लागतो.

"ही वैयक्तिक माहिती आहे" म्हणून हात वर केले तर?

हे आता जास्त होणार. डेटा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम 8(1)(ञ) बदललं आणि नोव्हेंबर 2025 पासून तो बदल लागू झाला. आधी त्या कलमातच जनहिताची वाट होती, आता "वैयक्तिक माहिती" एवढ्या शब्दावर नकार देता येतो. पण कलम 8(2) शिल्लक आहे: जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. अपिलात तेच कलम लिहा आणि एवढंच म्हणा की सरकारी पैशातून दिलेलं प्रवास देयक हा सरकारी खर्चाचा कागद आहे. घरचा पत्ता, बँक खातं काळ्या शाईनं झाकून द्या, रक्कम आणि तारीख द्या.

ऑडिटवाले काय करतात मग?

आक्षेप काढतात. त्यावर "वसुलीपात्र" असा शेरा मारतात. पुढची चार-पाच वर्षं त्या आक्षेपाचं अनुपालन चालतं. कारकुनाकडून जास्त दिलेले 380 रुपये पुढच्या पगारातून कापले जातात, तेवढं मात्र झटपट होतं.

आपल्याकडचे पुढारी पैशाबद्दल माफी का मागत नाहीत?

आपल्याकडे माफी शब्दांची मागतात. 2009 मध्ये केंद्र सरकारच्या काटकसरीच्या मोहिमेत एस. एम. कृष्णा आणि शशी थरूर हे मंत्री पंचतारांकित हॉटेलांतून बाहेर पडले, बिल आम्ही पदरचं भरत होतो, असं दोघांनीही सांगितलं. त्याच दिवसांत थरूर यांनी विमानाच्या स्वस्त वर्गाला "कॅटल क्लास" म्हटलं आणि गदारोळ झाला तो त्यावर. माफी मागितली तीही त्या शब्दाबद्दल. हॉटेलच्या पावत्या दाखवा, असा आग्रह फारसा कुणी धरला नाही.

आपण विचारत नाही, म्हणून ते मागत नाहीत. शिवाय "आपला माणूस आहे, चालायचंच" हे आपण कट्ट्यावरही म्हणतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार असली, तरी बायजी आपल्या गल्लीतली असली की आपल्याला कौतुकच.

काकू, खरं सांगा, तुम्ही कधी असं बिल पास केलंत?

हा प्रश्न एका कॉलेजच्या मुलानं विचारला आणि त्या दिवशी मी पाचवी फेरी मारायला उठले.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका अधिकाऱ्याच्या गाडीचं लॉगबुक माझ्यासमोर होतं. तारीख रविवारची, 142 किलोमीटर, प्रयोजनाच्या रकान्यात "स्थळपाहणी". ड्रायव्हरनं मला आधीच सांगितलं होतं, साहेब सहकुटुंब वणीच्या गडावर जाऊन आले, सुनेनं देवीची ओटी भरली. सोमवारी सकाळी वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली पुडी माझ्या टेबलावर आली. साखरफुटाणे, खोबऱ्याचा तुकडा, कुंकू. मी पुडी सोडली, एक फुटाणा तोंडात टाकला आणि "तपासले, बरोबर" लिहून सही केली. ही ओळ आधी मी "माझ्याकडून सही झाली" अशी लिहिली होती. मग खोडली.

गाडी लिटरला 10 देत होती. म्हणजे 14 लिटर पेट्रोल, तेव्हाचे सहाशेच्या आत-बाहेर रुपये. गेल्या महिन्यात ते भरायला मी गेले. खिडकीवरच्या मुलानं नाव, रक्कम लिहून घेतली आणि विचारलं, "मॅडम, लेखाशीर्ष कोणतं लावू?" 31 वर्षं लेखा शाखेत काढून मला ते सांगता आलं नाही. मागे रांग वाढत होती. पैसे पर्समध्ये ठेवून मी घरी आले.